नखभर कमी

तळ्याच्या बागेत जाऊन कुणालाही विचारा, "फळीवाले कुठे राहतात हो?" लोक आधी इकडेतिकडे बघतील, मग आवाज खाली आणून सांगतील, "मागच्या फाटकासमोरचं हिरव्या दाराचं घर. पण तुमचं काय धरलं त्यांनी, गळ की बादली?" ते फळीवाले म्हणजे आमचे हे. आणि ते हिरवं दार रोज पुसते ती मी.

ह्यांची नोकरी बागेच्या रखवालदाराची. तळ्यावर मासे धरायला येणाऱ्यांचे परवाने बघायचे आणि पकडलेला मासा लहान असला तर परत पाण्यात सोडायला लावायचा. लहान की मोठा हे ठरवायला बागेनं एक लाकडी फळी दिलेली. तिच्या एका टोकाला आडवी पट्टी, दुसऱ्या टोकाजवळ खिळा. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं. शेपटी खिळ्यापर्यंत पोचली तर मासा घरी, नाही पोचली तर तळ्यात. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीचा जाच कसा करावा हे आमच्या ह्यांच्याकडून शिकावं. फळी काखेत घेऊन हिंडायचे. उन्हानं तडकू नये म्हणून तिला दर रविवारी तेल लावायचे. माझं डोकं ठणकत असलं तरी तेलाची बाटली आधी फळीकडे जायची.

आता गंमत ऐका. ह्या माणसानं ही नोकरी धरली कशासाठी? मासे धरायला मिळतील म्हणून! लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाले होते, "तळ्यावरची नोकरी आहे. काम संपलं की काठी टाकून बसायचं. तूही येत जा, शेजारी बस." मी भाळले. गळाची काठीसुद्धा घेऊन ठेवली होती त्यांनी, चांगली लवचिक, मुठीला चामडं गुंडाळलेली. कामावर गेले, आणि पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, बागेच्या नोकरांनी ह्या तळ्यात गळ टाकायचा नाही. सुट्टीच्या दिवशीही नाही. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय! काठी कपाटामागे गेली.

गेली ती गेलीच, असं मात्र नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर निघायची, पुसली जायची, दोरा बदलायचा. मग हे मागच्या अंगणात उभे राहून बादलीत गळ टाकायचा सराव करायचे. एकदा दोरीवर वाळत घातलेली शेजारणीची साडी गळाला लागली. ती बाई अजून सांगते, "तुमच्या ह्यांनी जन्मात धरलेला सगळ्यात मोठा मासा म्हणजे माझी साडी."

पण आपल्याला मिळत नाही म्हटल्यावर माणसाचं मन कसं होतं बघा. मला नाही, तर कुणालाच सुखानं नाही. हे मनातलं. तोंडानं मात्र, "नियम म्हणजे नियम!" बागेच्या दारात मोठी पाटी होती, 'या, आनंद घ्या.' तिच्याखाली आनंद कसा घ्यायचा नाही, ते लिहिलेलं. कुत्रा मोकळा सोडू नये. नावेत उभं राहू नये. बदकांना पाव घालू नये. पांढऱ्या रेषेच्या पुढे उभं राहून गळ टाकू नये. गवतावर बसू नये, बाकावर झोपू नये. कुणी घसरून पडलं की एक पाटी वाढायची; कुणी तक्रार केली की दुसरी. रंगवायचे हेच. शेवटी शेवटी बाकावर बसलं की तळं दिसायचंच नाही, नुसत्या पाट्या दिसायच्या. बदकं त्यांच्यावर बसून पिसं साफ करायची, त्यांना काय.

हा रोग घरातही आला. स्वयंपाकघराच्या दारावर 'भांडी आपटू नयेत'. मोरीत 'नळ घट्ट बंद करावा'. भाजी घ्यायला गेले तर छोटी वांगी बाजूला काढून भाजीवालीला सांगायचे, "ही परत सोडा." अहो, वांगी कुठे सोडणार ती बाई? लेकीनं आपला होणारा नवरा पहिल्यांदा घरी आणला तेव्हा ह्यांनी त्या पोराला डोक्यापासून पायापर्यंत असं काही न्याहाळलं, की लेक म्हणाली, "बाबा, हा पुरतो. फळी आणू नका."

ह्यांचा खरा वैरी म्हणजे शिंपी. बाजारात दुकान, बारीक अंगाचा माणूस, गळ्यात कायम टेप. सुट्टीच्या दिवशी तळ्यावर यायचा. भांडण एकाच गोष्टीवरून, शेपटीवरून. माशाची शेपटी मोकळी सोडली की पंख्यासारखी पसरते, आणि तिची टोकं आखडतात. तीच चिमटीत धरून मिटली तर मासा नखभर लांब भरतो. शिंपी म्हणायचा, "साहेब, शेपटी चिमटीत धरून मोजा. कापड चुरगळलेलं असलं तर आपण हात फिरवूनच मोजतो ना?" आणि हे म्हणायचे, "मासा फळीवर ठेवायचा. हात लावायचा नाही." नियमाच्या पाटीवर काय होतं? 'मासा फळीवर मोजावा.' शेपटीचं नावही नव्हतं. ते शेपटीचं सगळं ह्यांच्या पोटातलं.

एक दिवस मला विसरता येत नाही. मी डबा घेऊन गेले होते. शिंप्याबरोबर त्याची लहानगी लेक आली होती, हातात बादली धरून, बादली तिच्यापेक्षा जड. बापाला मासा लागला. पोरगी अशी नाचायला लागली की काय सांगू! हे आले. फळी ठेवली. मासा नखभर कमी. शिंपी चिमटी करून पुढे झाला, तर ह्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि म्हणाले, "सोडा." शिंप्यानं सोडला. पोरगी रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बादलीतलं पाणी गवतावर ओतलं आणि बापाचं बोट धरून निघून गेली. पुन्हा कधी ती तळ्यावर आली नाही. मी त्या रात्री ह्यांच्याशी बोलले नाही. हे आपले विचारत राहिले, "अगं पण नियम माझा आहे का?"

आता मुख्य गोष्ट. बागेची वर्षातून एक सभा होते, नोकर आणि गावकरी दोघांनाही खुली. शेवटी साहेब उठता उठता, एक पाय दाराबाहेर ठेवून विचारतात, "कुणाला काही सांगायचंय का?" आणि दर वर्षी आमचे हे उभे राहायचे. "साहेब, तळ्याला विश्रांती द्यावी. मासेमारी साफ बंद करावी." साहेब म्हणायचे, "विचार करू." साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, 'विचार करू' काही बदललं नाही. भिजत घोंगडं तसंच. मी नवी नवरी होते तेव्हापासून ही मागणी चालू, ती माझे केस पांढरे होईपर्यंत.

मग निवृत्ती जवळ आली, आणि हा माणूस बदलायला लागला. निवृत्त झालं की नोकर राहत नाही. नोकर राहिलं नाही की गळ टाकता येतो! काठी कपाटामागून निघाली ती परत गेलीच नाही. झोपायच्या खोलीत उभी. सकाळी उठून आधी तिच्याकडे बघणार, मग माझ्याकडे. "पिंपळाखालची जागा चांगली," म्हणायचे, "तिथे सावलीही असते. तू येशील ना?" मी म्हटलं, "येईन तर." खोटं कशाला बोलू, मलाही हवंच होतं. एक म्हणजे हा माणूस दिवसभर घरात राहिला असता तर भिंतीला रंग दिसला नसता, पाट्याच पाट्या. आणि दुसरं म्हणजे... आता म्हातारपणी लाजायचं काय! लग्नाआधी दिलेला एकच शब्द ह्यांनी पाळला नव्हता. शेजारी बसायचा. तेवढा पाळून घ्यायचा होता मला.

मी म्हटलं, "अहो, ती तुमची मागणी? ती परत घ्या की. सभेत उभं राहून सांगा, आता नको म्हणून." तर म्हणाले, "परत कशी घेऊ? लोक हसतील. मी गप्प बसतो, विसरतील आपोआप." आणि शेवटच्या दोन सभांना तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. कपाळ माझं! अहो, सरकारी कामात बोललेलं कुणी ऐकत नाही, ते न बोललेलं कोण ऐकणार?

निरोपाचा समारंभ शेवटच्या दिवशी दुपारी, बागेतच. खुर्च्या मांडल्या, कापड टाकलेलं टेबल आलं. मासे धरणारी मंडळीही आली होती, प्रेमानं नव्हे, हे नक्की जातात ना, ते बघायला. शिंपी शेवटच्या रांगेत. साहेब बोलायला उठले. म्हणाले, "ह्यांना काय द्यावं ह्यावर समितीत फार चर्चा झाली. काहींचं म्हणणं घड्याळ, काहींचं पंखा. तीन बैठका झाल्या, एकमत होईना. मग आम्ही विचार केला, की ह्या निष्ठावान माणसानं आयुष्यभर आपल्याकडे एकच गोष्ट मागितली." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी बाजूच्या पाटीवरचं कापड ओढलं. त्यावर लिहिलेलं, 'उद्यापासून ह्या तळ्यात मासेमारी कायमची बंद.' आणि खाली, 'निवृत्त रखवालदारांच्या सूचनेवरून.'

टाळ्या फक्त समितीनं वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "जाता जाताही डसला!" साहेब हसत म्हणाले, "आता दोन शब्द बोला." हे उठले. मला वाटलं, आता तरी बोलतील. आता तरी म्हणतील, साहेब, नको, मला पंखा द्या. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. "आभारी आहे," म्हणाले, आणि बसले. वर साहेबांनी हातोडी पुढे केली, "तुमच्याच हातानं लागू द्या पाटी. अजून कामावर आहात!" ह्यांनी ती फाटकाशी नेऊन ठोकली. दोन खिळे वाकडे गेले. ह्यांच्या हातून खिळा वाकडा गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मंडळी पांगायला लागली. हे पाटीखाली उभे, हातोडी तशीच हातात. मला राग आवरेना. ह्यांचा, साहेबांचा, त्या फळीचा. सगळ्यांना धरून बोलायचं होतं. आणि तेवढ्यात माझं लक्ष पाटीवरच्या पहिल्या शब्दाकडे गेलं. मी तशीच कारकुनाच्या खिडकीकडे गेले. म्हटलं, "भाऊ, उद्यापासून म्हणजे आज नाही ना?"

"आज नाही."

"आणि ह्यांची नोकरी कधी संपते?"

"ऑफिसची घंटा झाली की."

"आणि बाग?"

"सूर्यास्ताला बंद. का हो काकू?"

"आणि परवाना?" हे विचारून माझं मलाच हसू आलं. कारण खिडकीवरच ह्यांच्या अक्षरात पाटी होती, 'निवृत्तांना परवाना माफ.' जन्मभर ह्या पाट्यांना मी शिव्या दिल्या. त्या दिवशी मात्र तिला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

मी घरी धावले. ह्या वयात, साडी काष्ट्यासारखी वर खोचून! काठी घेतली, कणकेचा गोळा घेतला, आले. घंटा होत होती. ह्यांनी टोपी काढून कारकुनाकडे दिली, किल्ल्या दिल्या. फळी मात्र म्हणाले, "सकाळी जमा करतो." मी काठी पुढे केली. हे बघतच राहिले. मग हळूच विचारलं, "नियमात बसतं?" मी म्हटलं, "बसतं. चला आता, मुहूर्त बघत बसू नका, ऊन उतरलंय."

पिंपळाखाली पोचेपर्यंत बातमी सगळ्या बागेत झाली. फळीवाले गळ टाकतायत! ज्यांचे ज्यांचे मासे ह्यांनी सोडायला लावले होते ते सगळे पाठीमागे गोळा झाले. आता त्यांची पाळी. "काका, पांढऱ्या रेषेच्या मागे व्हा!" "काका, गवतावर पाय!" "काकू, तुम्ही बाकावरच बसा, बरं का, कलंडू नका!" मी म्हटलं, "अरे मेल्यांनो, आम्हाला बसू तरी द्या!" हे मात्र निमूट मागे सरकले, पाय बघून ठेवले, गळ टाकला. बादलीत अचूक पडायचा तो गळ एवढ्या मोठ्या तळ्यात पहिल्यांदा काठावरच पडला. दुसऱ्यांदा झाडात अडकला. शिंपी पुढे आला, गुंता सोडवला आणि मागे जाऊन उभा राहिला.

तिसऱ्यांदा पाण्यात पडला. दोऱ्याचं बूच तरंगायला लागलं. मी शेजारी बसले. ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला गेलं. हे म्हणाले, "बरं वाटतं, नाही?" मी म्हटलं, "वाटतं." खरंच वाटत होतं. एवढ्यासाठी एवढी वर्षं!

बूच बुडालं. हे गडबडून उठले. शिंपी ओरडला, "थांबा... थांबा... आता ओढा!" काठी वाकली, आणि मासा फडफडत गवतावर आला. चांगला रुपेरी, जाड पाठीचा. गळ कसा काढायचा हे ह्यांना येईना. लोकांना 'काढा, सोडा' सांगण्यात जन्म गेला, स्वतः कधी काढलाय कुठे? शिंप्यानंच काढला. मग सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी फळी गवतावर ठेवली. माशाचं तोंड पट्टीला लावलं.

नखभर कमी.

हे खाली वाकून त्या खिळ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात पुढे झाला. दोन बोटं. चिमटी. शेपटी मिटली आणि टोक बरोब्बर खिळ्याला टेकलं.

"पुरला!" मीच पहिली ओरडले. मग सगळेच. कुणी शिट्टी मारली, कुणी ह्यांच्या पाठीवर थाप दिली. आयुष्यात पहिल्यांदा ह्या तळ्यावर माझ्या नवऱ्याचं कौतुक होत होतं. सगळे ओरडत होते, एकटा शिंपी सोडून. तो रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "माझाही पुरला असता, साहेब. त्या दिवशी."

ओरडा थांबला. ह्यांनी शिंप्याकडे पाहिलं नाही. चिमटी मात्र हळूहळू सैल झाली. शेपटी पसरली. "नाही पुरत," म्हणाले, आणि मासा दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडला.

"अहो, काय केलंत हे!" माझा जीव तळमळला. पण हे शिंप्याकडे वळले होते. चिखलाचे हात पुढे करून म्हणत होते, "उद्या या. लेकीला घेऊन या. उद्या शेपटी चिमटीत धरून मोजू. मी स्वतः..."

आणि थांबले. फाटकाकडे बघत राहिले. पाटी इथूनही दिसत होती, सगळ्यात नवी, सगळ्यात मोठी, ह्यांच्याच हातानं ठोकलेली. उद्या कुठला? शिंपी म्हणाला, "लेक आता परगावी असते, साहेब. तिच्या पोरांना पाण्याची भीती वाटते." एवढं बोलून त्यानं ह्यांच्या काठीचा दोरा नीट गुंडाळून दिला. घरी येताना ह्यांचे डोळे लाल. म्हणाले, माशानं पाणी उडवलं. मी म्हटलं, हो, फार उडवलं.

दुसऱ्या दिवशी फळी जमा केली, पावती घेतली. घरात एकही नवी पाटी लागली नाही. मोरीतली होती तीसुद्धा ह्यांनीच काढली. मला ठीक वाटेना. लग्नाचा नवरा असा गप्प बसलेला बरा नव्हे.

मग सभा आली. साहेब उठता उठता, एक पाय दाराबाहेर ठेवून म्हणाले, "कुणाला काही सांगायचंय का?" गावकऱ्यांच्या रांगेतून आमचे हे उभे राहिले. "साहेब, मासेमारी पुन्हा सुरू करावी. आणि मासा मोजताना शेपटी चिमटीत धरावी." कुणीतरी फिसकन हसलं. मागे शिंपी उभा राहिला, म्हणाला, "माझंही तेच म्हणणं." साहेबांनी दोघांकडे बघितलं. म्हणाले, "विचार करू."

आता ह्या समितीचा विचार किती वर्षांत होतो हे आमच्या घराइतकं कुणाला ठाऊक आहे? पहिल्या मागणीला ह्यांची अख्खी नोकरी गेली. म्हणजे ह्यांना आता तेवढंच जगायला हवं. मी चहातली साखर बंद केलीय. रोज सकाळी दाराशी चपला मांडून ठेवते आणि फिरायला पिटाळते. घ्यायला शिंपी येतो. त्यालाही खोकला आहे, त्यालाही मी काढा देते, त्याचीही गरज आहे ना सभेला. दोघं तळ्याभोवती फेऱ्या घालतात, शेपटीवरून भांडतात. काठी अजून आमच्या खोलीत उभी आहे, तिला तेल मी लावते.

परवा हे दम लागून पिंपळाखाली टेकले. मी मागून येत होते. शिंप्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "उठा साहेब. अजून फार वर्षं काढायचीत आपल्याला."

हे उठले.